चिंचोटीची रात्र

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांसमोर एखादें तीर्थक्षेत्र, एखादा दुर्ग, निदान थंड हवेचें एखादें गांव तरी उभें राहतें. आज ज्या गांवाविषयीं आम्ही लिहीत आहों, त्याच्या वाट्यास यांपैकीं एकही मान आलेला नाहीं. मुंबई-अहमदाबाद महामार्गानें जाणारा वाटसरू तेथें भिवंडीकडे वळणारा फांटा लागतो म्हणून क्षणभर वेग कमी करतो, आणि पावसाळ्यांत धबधब्याच्या ओढीनें येणारी तरुण मंडळी रस्ता विचारण्यापुरती तेथें थांबते. यापलीकडे चिंचोटीची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. आम्हींही केली नसती. दोन दिवस विश्रांति घ्यावी, मुलांस मोकळी हवा मिळावी, एवढ्याच हेतूनें आमचें अकरा माणसांचें कुटुंब गेल्या मार्गशीर्षांत तेथें जाऊन राहिलें. विश्रांति मिळाली कीं नाहीं, हें वाचकांनींच शेवटीं ठरवावें.

आमचें बिऱ्हाड ठाण्यास. तेथून चिंचोटीस जाण्याचा मार्ग घोडबंदरावरून आहे. डाव्या हातास येऊरचा डोंगर आणि उजव्या हातास खाडी ठेवून गायमुखचा चढ चढला, आणि महामार्गास लागून वर्सोव्याच्या पुलावरून वसईची खाडी ओलांडली, कीं वसई तालुका लागतो. रेल्वेनें येणाऱ्यास पश्चिम रेल्वेचें नायगांव हें स्थानक सोयीचें. दिवा-वसई मार्गावरील कामण रोड हेंही फार दूर नाहीं. पुलावर गाडी येतांच आमचे थोरले बंधु दादा यांनीं मुलांस चिमाजीअप्पांची मोहीम सांगावयास घेतली. १७३९ च्या मे महिन्यांत वसईचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला, ही कथा आमच्या घरांतील प्रत्येक मुलानें याच पुलावर किमान दोनदां ऐकिलेली आहे. दादा ठाण्याच्या न्यायालयांत चाळीस वर्षें वकिली करून निवृत्त झालेले असल्यामुळें त्यांची कथाही पुराव्यानिशीं आणि सविस्तर असते. ती संपण्यापूर्वींच चिंचोटीचा फांटा आला.

गांवाची ठेवण सांगावयाची तर पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग आहे. तिच्या रानास २००३ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. पायथ्याशीं आदिवासी पाडे आहेत, भाताचीं खाचरें आहेत, आणि डोंगराच्या पोटांत तो प्रसिद्ध धबधबा आहे. तो रमणीय आहे यांत शंका नाहीं. पण त्याच्या डोहानें आजवर इतके तरुण जीव घेतले आहेत कीं पावसाळ्यांत तिकडे जाण्यास वेळोवेळीं सरकारी मनाईहुकूम निघतात. पश्चिमेस नायगांवच्या बाजूचीं खाजणें व मिठागरें, आणि त्यांच्यावर मान उंच करून पाहणाऱ्या बहुमजली इमारती. मधून जातो तो महामार्ग. भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या अवजड मालगाड्यांची रांग दिवसरात्र तुटत नाहीं. रस्त्याकडेच्या झाडांचीं पानें धुळीनें इतकीं माखलेलीं कीं त्यांचा मूळ रंग कोणता हें मुलांस खरवडून पाहावें लागलें.

आणखी एक नवल येथें सांगण्यासारखें आहे. नायगांव-कामणच्या या टापूंत दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या चित्रीकरणासाठीं पत्र्याचे प्रचंड मंडप उभे राहिले आहेत. बाहेरून पाहावें तर एखादें गोदाम; आंत मात्र संगमरवरी जिन्यांचे वाडे, तुळशीवृंदावनें, देवघरें, सर्व लाकडी फळ्यांचीं आणि रंगाचीं. ज्या कुटुंबांच्या सुखदुःखांवर आमच्या घरांतील संध्याकाळ रोज खर्ची पडते, तीं कुटुंबें अशाच मंडपांत राहतात, हें कळतांच आमच्या वहिनींचा थोडा विरसच झाला.

आम्हीं दोन दिवसांसाठीं घेतलेलें शेतघर फांट्यापासून आंत होतें. चार खोल्या, पुढें अंगण, मागें आंब्याचीं दोन झाडें, सर्व उत्तम. परंतु दुपारचीं जेवणें उरकतात न उरकतात तोंच मोरीचें पाणी तुंबलें आणि तें उलट वर येऊं लागलें. रखवालदारास हांक मारली. तो तासाभरानें एका माणसास घेऊन आला. अंगणाच्या कोपऱ्यांत सेप्टिक टाकीचें झांकण होतें. त्या माणसानें सदरा काढून झाडाच्या फांदीवर टाकला, झांकण सरकवलें, दोन पावलें मागें सरून थोडा वेळ उभा राहिला, आणि मग खिशांतून काड्यापेटी काढून एक काडी ओढली. दादा ओट्यावरून म्हणाले, "आधीं काम आटप बाबा, विडी मग ओढ." तो कांहीं बोलला नाहीं. वांकून त्यानें ती काडी टाकीच्या तोंडाशीं धरली, मग टाकून दिली, आणि कमरेइतका आंत उतरला.

दुर्गंधि असह्य झाली तेव्हां आम्हीं मुलांस आंत घेतलें आणि त्या बाजूच्या खिडक्या लावल्या. अर्ध्या तासानें पाणी वाहूं लागलें. वहिनींनीं त्यास चहा दिला. कान तुटलेला एक कप फळीवर वेगळा पडला होता, त्यांत दिला. त्यानें चारशें रुपये मागितले. दादांनीं थोडी घासाघीस केली. तीनशेंवर सौदा तुटला. दोहों पक्षीं समाधान झालें असें आम्हांस वाटलें, आणि आम्ही वामकुक्षीस गेलों.

सायंकाळीं दादांची कन्या फिरून आली ती हातांत एक कागद घेऊनच. ती महाविद्यालयांत शिकते आणि चित्रपटांचें तिला वेड आहे. गांवाबाहेरच्या माळावर त्या रात्रीं कांहीं तरुण मंडळी चित्रपट दाखविणार होती. एक माहितीपट, एक लघुपट, शेवटीं एक पूर्ण लांबीचा चित्रपट. प्रवेश विनामूल्य, बसावयास चटई ज्यानें त्यानें आणावी. "काका, तुम्ही बाबांना सांगा ना," असें म्हणून तिनें तो कागद आमच्या हातीं दिला.

दादांस माहितीपट या शब्दाचाच कंटाळा. त्यांच्या तरुणपणीं चित्रपटगृहांत मुख्य खेळापूर्वीं सरकारी फिल्म्स डिव्हिजनचें समाचारचित्र दाखविण्याची सक्ती असे. १९४८ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेनें कांहीं खरोखर अप्रतिम चित्रें काढलीं, परंतु धरणें, कालवे आणि उद्घाटनें पाहून कंटाळलेला प्रेक्षक त्या वेळांत बाहेर शेंगदाणे खात उभा राही, आणि दादा त्यांतलेच एक. मुलीनें त्यांस समजाविलें कीं हीं चित्रें तशीं नव्हेत. सरकारचा हुकूम नाहीं, मोठ्या पेढीचें भांडवल नाहीं. एखाद्यास एखादी गोष्ट जगापुढें मांडावीशी वाटते, म्हणून तो मित्रांकडून, दात्यांकडून पैसा जमवितो, वर्षानुवर्षें खपतो आणि चित्र पुरें करतो. स्वतंत्र म्हणावयाचें तें याच अर्थानें.

आम्हीं तिच्या बाजूनें थोडी भर घातली. माहितीपटास आपण सावत्र लेखतों; वास्तविक तो कथापटाचा थोरला भाऊ आहे. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविलीं गेलीं. तीं पाहून भारून गेलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनीं विलायतेहून यंत्र मागविलें आणि १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचें चित्र घेतलें. पुढें १९०१ च्या अखेरीस केंब्रिजचे सीनिअर रँग्लर होऊन रघुनाथराव परांजपे स्वदेशीं परतले, त्यांच्या स्वागताचेंही चित्र त्यांनींच टिपलें. दादासाहेब फाळके यांनींदेखील 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं, १९१२ सालीं, कुंडींत वाटाण्याचें रोप कसें वाढतें याचें चित्र घेऊन भांडवल देणाऱ्याची खात्री पटविली होती. मग 'राजा हरिश्चंद्र' झाला तो अवघ्या घराच्या कष्टांवर. सरस्वतीबाई फाळके मंडळींचा स्वयंपाकही करीत आणि रात्रीं फितीस भोकें पाडण्याचें कामही. तेव्हां आधीं वाटाण्याचें खरें रोप, आणि मग हरिश्चंद्राची कथा, असा हा क्रम आहे.

दादा अजून डळमळीतच होते. तो प्रश्न मातोश्रींनीं सोडविला. त्यांचें वय ब्याऐंशी. त्या म्हणाल्या, "जत्रेंतला तंबूंतला सिनेमा मी लहानपणीं बघितला होता. त्यानंतर उघड्यावर बसून कधीं बघितला नाहीं. माझी खुर्ची घ्या." खुर्ची उचलल्यावर दादांस मागें राहणें शक्यच नव्हतें.

माळावर दोन बांबूंमध्यें पांढरा पडदा ताणला होता. त्याच्यामागें डोंगराची काळी रेघ आणि तिच्यावर मृगाचें नक्षत्र. वीज मिळविण्यासाठीं आणलेलें यंत्र दूर खड्ड्यांत ठेवलें होतें, तरी त्याचा घरघराट ऐकूं येई. महामार्गाच्या वळणावर एखादी मालगाडी आली कीं तिच्या दिव्यांचा झोत पडद्यावरून सरकून जाई. मंडळी बरीच जमली होती. पाड्यांवरील बायका लेंकरांस पदराखालीं घेऊन पुढें बसल्या होत्या. गोदामांत काम करणारे परप्रांतीय तरुण होते. चित्रीकरणाच्या मंडपांतील सुतार-रंगारी होते. नायगांवच्या नव्या इमारतींतून आलेलीं चारसहा सुशिक्षित कुटुंबें होतीं. आम्हांपुढें दोन चटयांवर एक जोडपें आणि त्यांची दहाबारा वर्षांची मुलगी बसली होती. मातोश्रींनीं आमच्या कानाशीं लागून म्हटलें, "दुपारचा तो." आम्हीं पाहिलें. स्वच्छ धुतलेला सदरा, विंचरलेले केस. मातोश्रींनीं सांगितलें नसतें तर आम्हांस ओळख पटली नसती.

पहिलें चित्र 'गिरणी'. उमेश कुलकर्णी यांनीं पुण्याच्या चित्रपट संस्थेंत शिकत असतां केलेला आणि २००५ च्या सुमारास गाजलेला हा लघुपट. पति वारल्यावर एक बाई चरितार्थासाठीं घरांतच पिठाची गिरणी घालते. तिच्या मुलास आधीं त्या यंत्राचें केवढें अप्रूप! मग हळूहळू तो घरघराट घरांतील बोलणें, अभ्यास, झोंप, बाळपण, सर्व गिळूं लागतो. शेवट आम्ही सांगत नाहीं. इतकेंच सांगतों कीं माळावर खड्ड्यांतलें यंत्र घरघरत होतें, आणि त्या आवाजांत हें चित्र पाहतांना त्या मुलाचा जीव कां मेटाकुटीस आला हें समजावून सांगावें लागलें नाहीं.

नंतर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स'. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनीं अनेक वर्षें महाराष्ट्रांतील जत्रांतून तंबूंतल्या सिनेमाबरोबर हिंडून हा माहितीपट केला, आणि २०१६ सालीं फ्रान्समधील कान महोत्सवांत त्याचा गौरव झाला. गंजलेल्या मालगाडीवर लादलेलें जुनें प्रक्षेपण-यंत्र, चिखलांत रुतलेलीं चाकें, वेळेवर न पोंचलेलीं रिळें, आणि तरीही तंबूबाहेर ताटकळणारे खेडूत. मग एके दिवशीं रिळें जाऊन संगणकावरचें यंत्र येतें, आणि जुन्या यंत्रांवर उभा जन्म घालविलेल्या माणसांनीं काय करावें हा प्रश्न उरतो. एक वृद्ध कारागीर स्वतःच्या कल्पनेनें घडविलेलें नवें यंत्र अभिमानानें दाखवितो. त्यास गिऱ्हाईक मात्र नाहीं. मातोश्री हें चित्र पाहतां पाहतां लहान झाल्या. तंबूच्या आंत शिरणारीं मुलें दिसलीं तेव्हां त्या मोठ्यानें म्हणाल्या, "अस्संच!" आणि भोंवतालच्या बायका हंसल्या.

मध्यंतरांत चहा झाला. त्या तरुणांपैकीं एकानें चार शब्द सांगितले. त्यांतील इतिहास आमच्या वाचकांस ठाऊक असावा असा आहे. मुंबईस १९९० पासून माहितीपटांचा सरकारी आंतरराष्ट्रीय महोत्सव भरत आला. २००३ सालीं भारतीय चित्रांस प्रवेशासाठीं परीक्षण मंडळाचा दाखला हवा असा नियम पुढें आला. चित्रकर्त्यांनीं एकजुटीनें विरोध केल्यावर तो मागें घेतला गेला. परंतु राज्यकर्त्यांस टोंचणारीं अनेक चित्रें निवडींतच वगळलीं गेलीं. तेव्हां फेब्रुवारी २००४ मध्यें त्या महोत्सवासमोरच 'विकल्प' नांवाचा दुसरा महोत्सव चित्रकर्त्यांनीं स्वतः भरविला. चित्र तयार झालें तरी तें दाखवावयाचें कोठें, हीच या मंडळींची खरी अडचण असते. आनंद पटवर्धन यांनीं चौदा वर्षें खपून 'जय भीम कॉम्रेड' हा तीन तासांहून मोठा माहितीपट पुरा केला. ११ जुलै १९९७ रोजीं घाटकोपरच्या रमाबाई नगरांत झालेल्या गोळीबारांत दहा माणसें मेलीं आणि त्या दुःखानें शाहीर विलास घोगरे यांनीं आत्महत्या केली, तेथून हें चित्र आरंभ होतें. तें लोकांपुढें आलें तें भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीच्या आवारांत, २०१२ च्या जानेवारींत, अशाच उघड्यावर. ज्यांची गोष्ट त्यांच्याच अंगणांत ती प्रथम दाखवावी, हा त्यांतील विवेक.

शेवटचें चित्र 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट २०१४ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत दोन पारितोषिकें घेऊन आला आणि पुढें राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला. गोष्ट साधी. गटारांत काम करणारा एक कामगार मरतो. एका वृद्ध लोकशाहिरानें गाण्यांतून त्यास आत्महत्येस प्रवृत्त केलें असा आरोप येतो आणि खटला उभा राहतो. शाहिराचें काम करणारे नागपूरचे विरा साथीदार हे खरोखरीचे चळवळींतले कार्यकर्ते होते. २०२१ च्या एप्रिलांत करोनानें ते गेले.

प्रारंभीं दादा फार खुषींत होते. तारखा, जुने कायदे, एकसुरी आवाजांत वाचले जाणारे जबाब. "अगदीं बरोबर, अगदीं असेंच चालतें," असें ते हलक्या आवाजांत म्हणत होते. सरकारी वकीलबाई काम संपवून लोकलनें घरीं जातात, वाटेंत स्वयंपाकाच्या तेलाविषयीं बोलतात, मुलास पाळणाघरांतून घेतात, घरीं पोळ्या करतात. वहिनी म्हणाल्या, "ही तर आपल्यांतलीच." त्या बाई सहकुटुंब नाटकास जातात, तेथें परप्रांतीयांची टवाळी चालते आणि सर्व प्रेक्षक मनमुराद हंसतात. माळावर आमच्याभोंवतीं परप्रांतीय तरुण बसले होते. त्यांपैकीं कोणी हंसलें नाहीं, आणि आम्हांसही हंसूं आलें नाहीं.

मग मृत कामगाराच्या विधवेची साक्ष होते. ती रडत नाहीं. विचारलें तेवढेंच सांगते. साहित्य कांहीं मिळत नव्हतें. वास सहन होत नसे म्हणून तो दारू पिऊन उतरे. उतरण्यापूर्वीं गटारांत खडा टाकून पाही. झुरळ बाहेर आलें म्हणजे आंत हवा आहे असें समजे. या ठिकाणीं सर्व माळ निःशब्द झाला. आमच्यापुढील त्या माणसानें मात्र बायकोकडे वळून मान हलविली आणि तो किंचित् हंसला. आपल्या गांवचें नांव परमुलुखांत कोणी घेतलें तर आपण हंसतों तसा.

खटला निकालास लागत नाहीं. उन्हाळ्याची सुट्टी येते, न्यायालय रिकामें होतें, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळाभोर होतो. माळावरील लोकांस वाटलें, वीज गेली. कांहीं उठून चटया झटकूं लागले. तोंच पडद्यावर पुन्हां उजेड आला. न्यायाधीश महाराज आतां आप्तेष्टांसह सहलीस निघाले आहेत. गाडींत गाणीं, पोहण्याचा तलाव, जेवणाची चैन. एका नातलगाच्या मुलास बोलतां येत नाहीं. न्यायाधीश त्यास नांव बदलण्याचा आणि बोटांत खडा घालण्याचा सल्ला देतात. मग बांकावर बसल्या बसल्या त्यांस डुलकी लागते. मुलें त्यांस दचकवून पळतात, आणि हातीं सांपडलेल्या एका मुलास ते फाडकन् थोबाडींत मारतात. संपलें.

त्या सहलींतील माणसें दुष्ट नाहींत. तीं हंसतमुख आहेत, मुलांवर प्रेम करणारीं आहेत, आणि चार दिवस विश्रांति घेण्यास आलेलीं आहेत. आम्हीं आपलीं अकरा माणसें एकदां मोजून पाहिलीं.

चर्चेस थोडे लोक थांबले. कोणी कायद्याविषयीं विचारलें, कोणी चित्र फार संथ आहे अशी तक्रार केली. मग आयोजकांनीं पुढें बसलेल्या लोकांस बोलण्याविषयीं विनविलें. बराच वेळ कोणी उठलें नाहीं. शेवटीं तो माणूस बसल्या जागेवरूनच म्हणाला, "झुरळाचं खरं आहे. आम्ही काडी ओढून आत धरतो. विझली, तर उतरत नाही."

एवढेंच तो बोलला. आमच्याकडे त्यानें पाहिलें नाहीं. आम्ही तेथें आहों हें त्यास ठाऊक तरी होतें कीं नाहीं, कोण जाणे. दादा खुर्चीच्या पाठीस हात धरून उभे होते. त्यांनीं तो हात काढला नाहीं. दुपारच्या काडीचा अर्थ आम्हां सर्वांस एकाच क्षणीं उमगला होता, आणि त्यावर बोलण्याचें धैर्य कोणासही नव्हतें. परततांना वाटेंत मुलीनें विजेरी धरली होती. घरीं येईपर्यंत मातोश्री फक्त एकदां बोलल्या: "त्याचं नाव काय रे?" आमच्यापैकीं कोणी तें विचारलेंच नव्हतें. चित्रांतील मेलेल्या कामगाराचें नांव न्यायालयांत पुनःपुन्हां उच्चारलें जातें. आमच्या अंगणांत जिवंत माणूस येऊन गेला तो नांवावांचून.

सकाळीं उठून पाहतों तों दादा ओट्यावर चष्मा लावून भ्रमणध्वनीवर कांहींतरी वाचीत बसलेले. तो २०१३ चा कायदा होता, हातानें मैला साफ करण्याच्या प्रथेस बंदी करणारा. साधनांवांचून गटारांत वा सेप्टिक टाकींत माणूस उतरविण्यास त्यांत मनाई आहे, आणि ती मनाई नगरपालिकेपुरती नाहीं, कोणाही व्यक्तीस लागू आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारांत मेलेल्याच्या वारसांस दहा लाख रुपये द्यावेत असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें आणि २०२३ सालीं ती रक्कम तीस लाख केली. दादांनीं हें सर्व आम्हांस वाचून दाखविलें आणि मग म्हणाले, "चाळीस वर्षें कायदा केला मी. काल शंभर रुपये कमी केले."

रखवालदाराकडून पत्ता घेऊन दादा आणि आम्ही त्याच्या घरीं गेलों. तो कामावर गेला होता. त्याच्या बायकोनें आम्हांस बसविलें, चहा केला आणि दोन लखलखीत पेल्यांतून दिला. दादांनीं राहिलेले शंभर रुपये पुढें केले. तिनें ते घेतले, कारण ते कष्टाचे होते. त्याहून अधिक देऊं केले, ते मात्र तिनें घेतले नाहींत. पुढें टाकी तुंबल्यास माणूस उतरवूं नये, उपसणारी गाडी मागवावी, असें दादांनीं शेतघराच्या मालकास कळविलें आहे. त्या गाडीनें त्याचें काम जाईल, मग त्यानें काय करावें, हा प्रश्न तिनेंच आम्हांस विचारला. प्रक्षेपण-यंत्रवाल्यांचाच तो प्रश्न. त्याचें उत्तर कायद्यांत पुनर्वसन या शब्दानें दिलेलें आहे. तें चिंचोटीच्या त्या घरापर्यंत पोंचविण्याचा अर्ज दादांनीं स्वतः लिहिला असून त्याचा पाठपुरावा चालू आहे. अद्याप निकाल नाहीं. त्या माणसाचें नांव आतां आम्हांस ठाऊक आहे. येथें छापण्याची परवानगी मात्र आम्हीं त्यास विचारलेली नाहीं, म्हणून देत नाहीं.

धबधबा पाहावयाचा राहिला. मुलांस त्याचें थोडें वाईट वाटलें.

आमच्या वाचकांस सुचवावेंसें वाटतें तें इतकेंच. अलीकडे घरांतील दहा माणसें दहा पडद्यांवर दहा चित्रें पाहतात, आणि जेवतांना एकमेकांशीं बोलावयास एकही विषय नसतो. पूर्वीं ओसरीवर पोथी वाचली जाई, ती सर्वांनीं ऐकावी आणि नंतर तिजवर बोलावें यासाठीं. असेंच एखादें चित्र महिन्यांतून एकदां, घराच्या भिंतीवर का होईना, सर्वांनीं एकत्र पाहावें. शक्य तर शेजाऱ्यांस आणि घरीं कामास येणाऱ्यांसही बोलवावें, आणि त्यांस आपल्याच सतरंजीवर जागा द्यावी. चित्र संपल्यावर त्यांस काय वाटलें तें आधीं विचारावें, आपलें मत मग सांगावें. आम्हीं आमच्या चौकांत असें तीनदां केलें आहे. दुसऱ्या खेपेस आमच्याकडे भांडीं घासणाऱ्या बाईंनीं 'गिरणी' पाहून जें सांगितलें, तें ऐकून वहिनींनीं त्यांची सुट्टी रविवारीं ठरविली.

जातां जातां आणखी एक. ठाण्यास परतल्यावर वहिनींनीं आपल्या फळणीवरचा तसलाच एक कप खालीं काढला. तो आमच्याकडे कित्येक वर्षें वेगळा ठेवलेला होता. कोणासाठीं, हें कधीं कोणी बोलून दाखविलें नव्हतें. त्यांनीं तो टाकून दिला नाहीं. घासून इतर कपांत ठेवला. सकाळच्या गर्दींत तो ज्याच्या हातीं येईल त्याचा.